सा-ग-प लावूनही आवाज भुताटकीचा का होतो? (विनोदी रिमिक्समधील पिच-शिफ्ट कॉर्ड)

खर्जातला (धागाकर्ता)

जालावरील विनोदी व्हिडिओ-रिमिक्स पाहणाऱ्यांना ‘जी-मेजर’ नावाचा प्रकार परिचित असेल. एखाद्या निरुपद्रवी चित्रफितीचा आवाज घ्यायचा, त्याच्या तीन-चार प्रती करून प्रत्येक प्रत वेगळ्या पट्टीत न्यायची, त्या सगळ्या एकाच वेळी वाजवायच्या आणि जोडीला चित्राचे रंग उलटे करायचे, अशी त्याची ढोबळ कृती आहे. क्लास्की-चुपो या अमेरिकी कार्टूननिर्मिती संस्थेचे १९९८ पासून दिसू लागलेले बोधचिन्ह हे या मंडळींचे सर्वांत लाडके गिऱ्हाईक आहे. शाईच्या डागावर कागदी कात्रणांचे डोळे आणि तोंड येऊन चिकटतात आणि ते तोंड यांत्रिक आवाजात संस्थेचे नाव उच्चारते, एवढाच तो प्रसंग. मुळातच थोडा विचित्र असलेला हा प्रसंग कॉर्डमध्ये (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या समूहात) ऐकला की हसू येते आणि अंगावर काटाही येतो.

मी स्वतःच्या आवाजात आमच्या सोसायटीची एक सूचना ध्वनिमुद्रित केली आहे : “सर्व सभासदांना कळविण्यात येते की आज पाणी संध्याकाळी सहा ते आठ या वेळेतच येईल.” हे वाक्य थेट पाताळातून प्रसारित झाल्यासारखे ऐकू यावे, अशी इच्छा आहे. त्यासाठी ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ आवाज, चार अर्धस्वर वर नेलेली प्रत, सात अर्धस्वर वर नेलेली प्रत आणि बारा अर्धस्वर खाली नेलेली प्रत असे चार ट्रॅक एकत्र केले आहेत. आपल्या भाषेत हे सा, शुद्ध ग, प आणि खालच्या सप्तकातला सा झाले.

परिणाम बराचसा साधला आहे, पण दोन प्रश्न उरतात. पहिला प्रश्न तांत्रिक आहे : ‘कळविण्यात’ मधला ‘क’ आणि ‘आठ’ मधला ‘ठ’ चिखलात पडल्यासारखे का ऐकू येतात? दुसरा प्रश्न अधिक कुतूहलाचा आहे. सा-ग-प हा मेजर कॉर्ड आहे आणि पाश्चात्त्य संगीतात तो प्रसन्न मानला जातो. मग त्यातून अशी भुताटकी कशी निर्माण होते?

ध्वनिमिश्रक

पहिल्या प्रश्नापुरते उत्तर देतो.

आवाजाची पट्टी बदलण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ध्वनिफीत जलद किंवा सावकाश फिरवणे. परंतु त्यात लांबीही बदलते. दहा सेकंदांची क्लिप सात अर्धस्वर वर नेली की ती सुमारे ६.६७ सेकंदांत संपते आणि मग चार प्रती एकाच वेळी एकच शब्द उच्चारू शकत नाहीत. त्यामुळे या कामासाठी लांबी कायम ठेवून पट्टी बदलणारी पद्धत लागते. अशा अनेक पद्धतींच्या मुळाशी १९६६ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी मांडलेला फेज व्होकोडर आहे. त्यात आवाजाचे एकमेकांवर चढणारे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील कंपनसंख्या वेगळ्या काढतात, तुकड्यांमधील अंतर ताणून किंवा आकसून आवाजाची पुन्हा जुळणी करतात आणि शेवटी नमुन्यांचा (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांचा) वेग बदलून लांबी पूर्ववत करतात.

ज्या चिखलाविषयी आपण तक्रार करत आहात तो या तुकड्यांच्या लांबीतून येतो. ४४.१ किलोहर्ट्झवरील ध्वनिमुद्रणात २०४८ नमुन्यांचा तुकडा सुमारे ४६ मिलिसेकंदांचा होतो, तर ‘ट’ किंवा ‘क’ सुटताना होणारा स्फोट जेमतेम काही मिलिसेकंद टिकतो. तो स्फोट पूर्ण तुकड्यावर पसरतो आणि व्यंजनाची धार जाते. हे चार प्रतींमध्ये चार वेगवेगळ्या प्रकारे घडले की शब्द चिवडला जाणारच.

उपाय फार अवघड नाहीत. प्रत्येक प्रत मूळ ध्वनिमुद्रणापासूनच तयार करावी; आधी वर नेलेली प्रत पुन्हा खाली आणण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक फेरीत धार आणखी बोथट होते. ऑडॅसिटीच्या पट्टी बदलणाऱ्या इफेक्टमध्ये उच्च दर्जाचा पर्याय आहे, तो निवडून दोन्ही प्रकारे ऐकून पाहावे. मूळ ट्रॅक इतरांपेक्षा किंचित मोठा ठेवावा आणि बाकीच्या प्रतींमधील सुमारे पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग फिल्टरने कमी करावा, म्हणजे ‘स’ आणि ‘श’ यांचा फुत्कार बहुतांशी एकाच ठिकाणाहून ऐकू येतो आणि वाक्य समजते. चार ट्रॅक एकत्र केल्यावर एकूण पातळी साधारणपणे सहा डेसिबलने वाढते. चारही लाटांची शिखरे एकाच क्षणी जुळली तर ती वाढ बारा डेसिबलपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे प्रत्येक ट्रॅक आधीच खाली उतरवून ठेवलेला बरा. अनेक रिमिक्समध्ये ऐकू येणारी करकर कलात्मक हेतूने आलेली नसते, ती केवळ पातळी ओलांडल्यामुळे आलेली असते. (ती कधीकधी विनोदाला पोषक ठरते, हे मात्र मान्य आहे.)

वेगास हे चित्रसंकलनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना : ऑडिओचा तुकडा निवडून अधिक आणि उणे या कळा दाबल्या की तो एकेक अर्धस्वर वर किंवा खाली जातो. ही सोय हाताशी असल्यामुळेच हा प्रकार त्या सॉफ्टवेअरमध्ये इतका फोफावला, असे मला वाटते.

मंद्रमध्यतार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने सरळ आहे. आपण लावलेला ग हा आपला ग नाही.

तंबोरा चांगला जुळलेला असेल तर सा च्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याचे सा शी प्रमाण ५ : ४ असते, म्हणजे १.२५. संगणकावरील चार अर्धस्वर म्हणजे सप्तकाच्या बारा समान भागांपैकी चार भाग आणि ते प्रमाण १.२५९९ इतके येते. हा फरक सुमारे चौदा सेंटचा, म्हणजे एका अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा आहे. सा २०० हर्ट्झवर असेल तर त्याचा पाचवा स्वरांश (मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीवरचा सूर) १००० हर्ट्झवर येतो आणि संगणकी ग चा चौथा स्वरांश सुमारे १००८ हर्ट्झवर येतो. हे दोन एकत्र ऐकले की आवाज सेकंदाला आठ वेळा कमी-जास्त होतो. हार्मोनियमविषयी जुने गवई जी तक्रार करत, तिचे मूळ याच ठिकाणी आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केले होते, त्यामागच्या कारणांपैकी हेही एक होते.

बोलण्यात सूर स्थिर नसतो, त्यामुळे ही थरथर अखंड आपला वेग बदलत राहते. कान अस्वस्थ होतो आणि त्या अस्वस्थतेला आपण भुताटकी म्हणतो.

कंठस्थ

मंद्रमध्यतार यांचे गणित अचूक आहे, तरीही निष्कर्ष पटत नाही. पेटीवर किंवा पियानोवर सा-ग-प वाजवताना हीच थरथर असते. घराघरांत पेटीवर आरत्या होतात आणि कोणीही घाबरून ताम्हण टाकून पळत नाही. म्हणजे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

माणसाच्या आवाजात दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतात. स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात, त्यावर सूर ठरतो. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्या कोणत्या कंपनसंख्यांना उचलून धरतात, त्यावर स्वराचा वर्ण ठरतो, म्हणजे ‘आ’, ‘ई’ किंवा ‘ऊ’. आणि बोलणाऱ्याचा आकारही त्यावरूनच कळतो. या अनुनादांना फॉर्मंट म्हणतात. गायक सा वरून प वर जातो तेव्हा त्याचा सूर दीडपट होतो, पण त्याचा घसा त्याच प्रमाणात आखूड होत नाही. साधे पिच-शिफ्ट मात्र सुराबरोबर फॉर्मंटही उचलून नेते. सात अर्धस्वर वर गेलेली प्रत म्हणजे वरच्या पट्टीत बोलणारे आपण नव्हे. ते आपल्या दोन-तृतीयांश आकाराचा घसा असलेले कोणी तरी असते. सप्तकभर खाली गेलेली प्रत म्हणजे दुप्पट लांबीचा घसा असलेला प्राणी. पुरुषाच्या ‘आ’ चे पहिले दोन फॉर्मंट साधारण ७३० आणि १०९० हर्ट्झच्या आसपास असतात. ते निम्मे केले तर ३६५ आणि ५४५ येतात आणि तो ‘आ’ कोणत्याही खऱ्या माणसाच्या तोंडून न निघणाऱ्या ‘ओ’-‘ऊ’ कडे झुकतो.

आता या सगळ्या प्रती एकाच वेळी बोलत आहेत, हे लक्षात घ्या. बालक, प्रौढ आणि राक्षस असे वेगवेगळ्या आकारांचे घसे एकाच क्षणी ओठ मिटतात, एकाच क्षणी श्वास घेतात, एकाच अक्षरावर अडखळतात आणि सुराचा प्रत्येक हेलकावा तंतोतंत सारखा घेतात. चाळीस वर्षे एकत्र भजन म्हणणाऱ्या मंडळींनाही हे जमत नाही, कारण माणसांच्या समूहात प्रत्येकाचे काही मिलिसेकंद आणि काही सेंट इकडेतिकडे होतातच. अनेक शरीरे असूनही इच्छा एकच आहे, असा भास इथे होतो आणि भीती तिथून येते, असे माझे मत आहे. कॉर्ड कोणता आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

हे तपासता येईल. खर्जातला यांनी कृपया तीन प्रयोग करावेत. ग ची प्रत ४ ऐवजी ३.८६ अर्धस्वरांवर आणि प ची ७ ऐवजी ७.०२ वर न्यावी. म्हणजे मंद्रमध्यतार यांचा शुद्ध गंधार मिळेल. नंतर फॉर्मंट कायम ठेवणाऱ्या एखाद्या प्लगइनने तोच कॉर्ड तयार करावा. शेवटी मूळ कॉर्डमधील प्रती एकमेकींपासून वीस-तीस मिलिसेकंदांनी पुढे-मागे सरकवाव्यात आणि प्रत्येकीच्या सुरात किंचित स्वतंत्र हेलकावा घालावा. भीती कशाने जाते ते पाहू.

जुनी कॅसेट

इतिहासाची थोडी भर घालते. फॉर्मंटसह आवाज वर नेण्याचा हा खेळ संगणकापेक्षा बराच जुना आहे. १९५८ मध्ये रॉस बॅग्डासेरियन यांनी टेप निम्म्या वेगाने चालवून सावकाश गायन मुद्रित केले आणि ते पूर्ण वेगाने वाजवून गाणाऱ्या खारींचा आवाज निर्माण केला. तिथे लांबीचा प्रश्न त्यांनी आधीच संथ गाऊन सोडवला होता. बोलता-बोलता, लांबी न बदलता पट्टी बदलणारे यंत्र स्टुडिओत सर्रास पोहोचले ते इव्हेंटाइड कंपनीच्या १९७५ च्या हार्मोनायझरमुळे, आणि मूळ आवाजाबरोबर त्याची सरकवलेली प्रत वाजवणे हा त्याचा मुख्य उपयोग होता. म्हणजे आजचा सातवी-आठवीतला मुलगा फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जे करतो, त्यासाठी एकेकाळी महागडे खोके विकत घ्यावे लागत असे.

एक निरीक्षण असे की वर नेलेला आवाज एकटा असेल तर तो केवळ गमतीदार वाटतो आणि खाली नेलेला आवाज एकटा असेल तर केवळ खलनायकी वाटतो. दोन्ही एकत्र आले की काय समजावे हे कळेनासे होते. कंठस्थ यांच्या मांडणीशी हे जुळते.

कोपऱ्यातला श्रोता

ताम्हण टाकून पळण्याबाबत : आमच्या गल्लीतील पेटीवादक ऐकल्यास आपले मत बदलेल.

खर्जातला (धागाकर्ता)

ध्वनिमिश्रक यांच्या सूचनांनी व्यंजने बरीच सुधारली. विशेषतः प्रतींमधील वरचा भाग कमी केल्याचा परिणाम लगेच जाणवला. आता कंठस्थ यांनी सुचवलेल्या प्रयोगांचा वृत्तांत देतो.

शुद्ध गंधार लावल्यावर थरथर गेली, परंतु भीती गेली नाही. उलट ती वाढली. आधी चार जण एकदम बोलत असल्यासारखे वाटत होते, आता एकच कोणी तरी अनेक तोंडांनी बोलत असल्यासारखे वाटते आणि त्याखाली एक घरघर ऐकू येते, जी मी कोणत्याही ट्रॅकमध्ये घातलेली नाही.

फॉर्मंट कायम ठेवून केलेला कॉर्ड पुष्कळ सौम्य झाला. तो रेडिओवरील जाहिरातीच्या समूहगायनासारखा वाटतो आणि पाणी सहाला येणार ही बातमी चक्क आनंदाची वाटू लागते. प्रती पुढे-मागे सरकवल्यावर तर विनोदच नाहीसा झाला; ती सोसायटीच्या सभासदांनी एकत्र केलेली प्रतिज्ञा वाटते.

ती घरघर कुठून आली, हे कोणी सांगू शकेल काय?

मंद्रमध्यतार

घरघरीचे उत्तर मला देता येईल आणि त्यात माझ्या आधीच्या मुद्द्याचा काही अंश अजून शिल्लक आहे, असेही दिसेल.

आपला बोलण्याचा सूर १२० हर्ट्झच्या आसपास आहे असे धरू. पुरुषांच्या बाबतीत हे सर्वसाधारण आहे. शुद्ध प्रमाणांनी ग १५० वर, प १८० वर आणि खालचा सा ६० वर येतो. हे चारही आकडे तीसच्या पटीत आहेत. त्यामुळे चौघांची मिळून जी लाट तयार होते ती सेकंदाला तीस वेळा स्वतःची पुनरावृत्ती करते. सूर म्हणून ऐकू येण्याच्या अगदी खालच्या सीमेवर ही संख्या आहे, म्हणून तिथे सूर न जाणवता कंप जाणवतो. आपण कोणत्याही ट्रॅकमध्ये न घातलेली घरघर ती हीच. समान अर्धस्वरांमध्ये आकडे किंचित हुकलेले असतात, म्हणून तिथे ती एवढी घट्ट बसत नाही.

शिवाय, १२० आणि १५० यांत केवळ तीस हर्ट्झचे अंतर आहे. इतक्या खालच्या भागात इतके जवळचे सूर कानाला नीट वेगळे करता येत नाहीत, ते एकमेकांवर घासतात. हीच प्रमाणे वरच्या सप्तकात नेली तर घासणे कमी होऊन गोडवा येतो. वाद्यवृंदाची रचना करणारे लोक खर्जात गंधार सा ला चिकटवून ठेवत नाहीत, त्याचे कारण हेच. म्हणून मी माझे विधान असे दुरुस्त करतो : दोष गंधाराच्या श्रुतीचा नाही, तो ज्या सप्तकात ठेवला त्याचा आहे.

कंठस्थ

हे पटले आणि याला बाहेरूनही दुजोरा आहे. किंकाळीवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात (आर्नाल, पोपेल आणि सहकारी) असे दिसले की सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा होणारे तीव्रतेचे चढउतार हा किंकाळीचा खास गुण आहे, साध्या बोलण्यात तो भाग जवळपास रिकामा असतो आणि हा खडबडीतपणा जितका जास्त तितका आवाज अधिक भयप्रद वाटतो. आपल्या पाण्याच्या सूचनेत आता नेमका तोच भाग भरला गेला आहे. म्हणजे शब्द सूचनेचे आणि पोत किंकाळीचा, असा संकर झाला. एकजात हालचाल, बदललेले घसे आणि हा खडबडीतपणा, अशी तीन कारणे आता हाती आहेत; यांतील पहिले काढले की विनोद जातो, दुसरे काढले की भीती जाते, हे प्रयोगाने दिसले.

विवादी

मग सरळ भीतिदायक कॉर्डच का वापरू नये? सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध, म्हणजे तीन-तीन अर्धस्वरांच्या अंतरावरील चार स्वर. पाश्चात्त्य चित्रपटसंगीतात खलनायक दाराशी आला की हाच कॉर्ड वाजतो.

मंद्रमध्यतार

वापरता येईल, परंतु त्यात माझ्या मते एक रस कमी होतो. ऐकणाऱ्याला लगेच कळते की आता घाबरायचे आहे; इशारा आधीच दिला गेलेला असतो. मेजर कॉर्डमध्ये मात्र सगळे सुस्वर असूनही काही तरी बिघडलेले असते आणि काय बिघडले ते सांगता येत नाही. हसू तिथून येते.

अवांतर : आपण लिहिलेले चारही स्वर मधुवंतीत आहेत. ते एकामागून एक, मींड घेत येतात तेव्हा संध्याकाळ गोड होते. स्वरांवर भीतीचा शिक्का मुळात नसतो. ते एकदम वाजवले आणि त्यांना घर मिळू दिले नाही, तर गोष्ट वेगळी.

औरंगपुरा

या संदर्भात आमच्या गावचे संगीतकार यशराज मुखाटे यांची पद्धत शेजारी ठेवून पाहावी, कारण ती नेमकी उलट आहे. २०२० मध्ये ‘रसोडे में कौन था’ घराघरांत पोहोचले तेव्हा मालिकेतील संवाद संवादच राहिला होता. बोलण्याच्या चढउतारात दडलेले सूर शोधून त्याखाली वाद्यांचे कॉर्ड रचले होते. शब्द वर गेला की खालची साथ त्याला घर देई. जी-मेजरमध्ये असे कोणतेही घर नसते. बोलणारा जिकडे जाईल तिकडे संपूर्ण कॉर्ड त्याच्या शेपटीला बांधल्यासारखा फरपटत जातो. एरवी बोलण्यातील सुराचे सरकणे आपल्या लक्षातही येत नाही, पण कॉर्ड त्याच्यासह सरकू लागला की जमीनच सरकल्यासारखे वाटते.

आणखी एक सूचना. एखादे वाक्य त्याच स्वरूपात पुनःपुन्हा ऐकवले की काही वेळाने ते बोलणे न वाटता गाणे वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना हा भ्रम १९९५ मध्ये आढळला. खर्जातला यांनी आधी ‘या वेळेतच येईल’ एवढाच तुकडा साध्या आवाजात चार-पाच वेळा फिरवावा आणि श्रोत्याच्या कानात त्याची चाल बसली की मग कॉर्ड उघडावा. बसलेली चाल मोडली जाण्यात अधिक मजा आहे.

संकलक

मी चित्रसंकलन करतो, म्हणून दृश्यबाजूविषयी लिहितो. या प्रकारातील बहुतेक व्हिडिओ फसतात ते लांबीमुळे. बोधचिन्ह पाच-दहा सेकंदांत संपते, म्हणून ते चालते. आपली सूचना आठ सेकंदांपेक्षा लांब असेल तर ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हा भाग संपूर्ण साधा ठेवावा आणि कॉर्ड ‘पाणी’ या शब्दावर, तोही ‘पा’ च्या पहिल्याच क्षणी, सुरू करावा. रंगही त्याच फ्रेममध्ये उलटावेत. एक फ्रेम उशीर झाला तरी दोन वेगळ्या घटना घडल्यासारखे वाटते. उलटलेल्या रंगांत त्वचा निळसर होते आणि डोळ्यांचे पांढरे काळे पडते. पण कागदावरील टंकलिखित सूचना उलटली तर केवळ काळ्या पाटीवरील पांढरी अक्षरे दिसतात आणि त्यात कोणालाही भीती वाटत नाही. म्हणून दृश्यात चेहरा हवा. सूचना वाचणाऱ्याने अत्यंत गंभीर राहावे, हेही ओघाने आलेच. त्याने स्वतः विनोद केला तर आमच्यासाठी काही उरत नाही.

या प्रकाराच्या क्रमांकित आवृत्त्या जालावर फिरतात, प्रत्येकीत अर्धस्वरांचे आकडे वेगळे असतात आणि खरी आवृत्ती कोणती यावर कडाक्याचे वाद होतात. मूळ ध्वनी कोणत्या पट्टीत आहे हे न पाहता ठरलेले आकडे लावले तर निघणारा कॉर्ड जी चा असण्याचे काही कारणच नाही, त्यामुळे त्या वादात वेळ घालवू नये.

काळा कोट

स्वतःचा आवाज वापरत आहात हे उत्तम. दूरदर्शनची १९७६ पासूनची ओळखधून किंवा एखाद्या मालिकेतील संवाद घेण्याचा विचार कोणी करत असेल तर थोडे थांबावे. आपल्या १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यात विडंबनासाठी स्वतंत्र सूट लिहिलेली नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर, टीका किंवा परीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे आणि विनोदी रिमिक्स त्यात बसवायचे तर ते टीका आहे, असे पटवून द्यावे लागते. कलम ५७ नुसार कृतीचा विपर्यास करून प्रतिष्ठेला बाधा आणल्याची तक्रार कर्त्याला स्वतंत्रपणे करता येते. यूट्यूबची स्वयंचलित तपासणी २००७ पासून आहे आणि पट्टी बदलली की ती चुकते, असा समज बाळगून कोणी कायदेशीर निर्णय घेऊ नये. शेजाऱ्यांचा आवाज घेणार असाल तर त्यांची संमती घ्यावी. सोसायटीत राहायचे आहे.

खर्जातला (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. संकलक यांच्या सूचनेनुसार कॉर्ड ‘पाणी’ वर उघडला आणि औरंगपुरा यांच्या सूचनेनुसार शेवटचा तुकडा आधी साधा फिरवला. हेडफोनवर अपेक्षित परिणाम मिळतो. एक अडचण मात्र उरली आहे : मोबाइलच्या स्पीकरवर ऐकल्यास खालच्या सप्तकातली प्रत नाहीशी होते आणि राक्षस रजेवर गेल्यासारखा वाटतो.

ध्वनिमिश्रक

आपल्या खालच्या प्रतीचा मूळ सूर ६० हर्ट्झवर आहे आणि मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत पोहोचतच नाही. एरवी याने फारसे बिघडत नाही, कारण वरचे स्वरांश ऐकून कान हरवलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. परंतु इथे तेही घडत नाही. साठचे स्वरांश १२०, १८०, २४० आणि ३०० वर येतात. १२० वर आपला मूळ आवाज आहे, १८० वर प आहे, २४० वर मूळ आवाजाचा आणि ३०० वर ग चा दुसरा स्वरांश आहे. शुद्ध प्रमाणे लावल्यामुळे राक्षस इतरांच्या मागे अचूक लपतो.

दोन गोष्टी करून पाहाव्यात. खालच्या प्रतीवर थोडे सॅच्युरेशन (आवाज किंचित विकृत करणारा इफेक्ट) घालावे, म्हणजे तिचे वरचे स्वरांश इतरांपेक्षा जोरकस होऊन तिला स्वतःचा पोत येईल. ते पुरेसे वाटले नाही तर प्रत बारा अर्धस्वर खाली नेण्याऐवजी पाचच अर्धस्वर खाली न्यावी; तिथे ९० हर्ट्झवर मंद्र पंचम येतो, त्याचे २७० आणि ४५० वरचे स्वरांश लहान स्पीकरवरही ऐकू येतात आणि त्यांपैकी २७० वर दुसरे कोणीही नाही. घसा दुप्पट न होता सव्वा-दीडपटीच्या दरम्यान राहील, म्हणजे राक्षस थोडा लहान होईल, पण हजर राहील. शेवटची पातळी ठरवताना हेडफोन काढून ठेवावेत आणि मोबाइलवरच ऐकावे, कारण सोसायटीच्या ग्रुपवर सगळे त्यावरच ऐकणार आहेत.